एकदाच विचारलंस

तेहरान,
शहरीवर महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय होर्मोज,

तुझी लादन काल दुपारी येऊन गेली. एका हातात लाहिजानच्या कुलूचे बिस्किटांचा डबा, काखेत तुझी नवी पटकथा आणि पटकथेच्या पानांत घडी घालून ठेवलेला तो अर्ज. पोर दारातच अवघडून उभी राहिली. "मलीहेमावशी, बाबा म्हणाले, तुम्ही फक्त सही करायची. बाकी सगळं भरलंय." बाकी सगळं भरलंय! मी चष्मा लावला. चित्रपटाचं नाव भरलेलं, लांबी भरलेली, चित्रीकरणाची गावं भरलेली. आणि 'दिग्दर्शक' या शब्दापुढे, स्वच्छ टाइप केलेलं, माझं नाव. मलीहे सहाफी. त्या शब्दापुढे माझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही कशावर, तर परवाना कचेरीच्या अर्जावर, कारण तुझ्या नावाला ते लोक परवाना देत नाहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लादनचा काय दोष. तिला चहा दिला, तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, जिन्यापर्यंत सोडायला गेले. मग दार लावून घेतलं आणि तुझ्या नावाने जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

मी का चिडले, हे तुला कळणारही नाही. तुला वाटलं असेल, म्हातारी खूश होईल, अर्ज उराशी धरून बसेल. होर्मोज, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तू मला निदान एकदा तरी विचारलं होतंस. या खेपेला तू तेवढीही तसदी घेतली नाहीस. नाव माझं, सही माझी, कचेरीत जाऊन त्या मख्ख चेहऱ्यांसमोर बसणार मी, उद्या काही झालं तर जबाब देणार मी. आणि विचारायला कोण आलं? कुलूचे!

आता मी सगळा पाढा वाचणार आहे, आणि तू तो बसून ऐकणार आहेस. आजवर तो कधी वाचला नाही, हीच माझी चूक झाली. तू अंजली बंदराहून आलास तेव्हा तुझ्याकडे एकच कोट होता आणि त्याला माशांचा वास यायचा. वडील बंदरावर कारकून. मी पुस्तकं बांधणाऱ्याची मुलगी. सुरी, डिंक आणि सरळ रेघ यांच्यात वाढले, म्हणून त्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मला फिल्म जोडायच्या कामावर घेतलं. तू बोटींवर काढलेला तुझा पहिला लघुपट घेऊन आलास. चाळीस मिनिटांचा लघुपट! कुठेही कात्री लावलीस तर माझं बोट कापल्यासारखं होईल, असं तू म्हणालास. मी अठरा मिनिटं कापली. तू तीन दिवस फुगून बसलास. चौथ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन आलास आणि म्हणालास, "तू माझी बोटं कापलीस मलीहे, आणि हात देखणा दिसायला लागला." मला किती हसू आलं होतं. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली, हे तुला आज सांगते आहे.

मग काशानजवळचं ते मीठतळं. तुझी पहिली मोठी फिल्म. दबीरीसाहेबांनी पैसे घातले होते, आणि एक दिवस जरी काम थांबलं तरी सगळं गुंडाळीन अशी रोज धमकी देत होते. मी तिथे दृश्यांच्या नोंदी ठेवायला आले होते. नवव्या दिवशी तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ! तुला गाडीत घालून काशानला नेलं, आणि जाताना तू माझं मनगट धरून म्हणालास, "दबीरीला कळू देऊ नकोस." मी कळू दिलं नाही. अकरा दिवस, होर्मोज! अकरा दिवस त्या पांढऱ्या उन्हात मी उभी होते. पहिल्या दिवशी कोणी माझं ऐकेना. दिवेवाले एकमेकांना कोपरं मारत होते. तेव्हा आपला वार्तान कॅमेऱ्यामागून ओरडला, "अरे, ऐकताय का? मलीहेखानूम बोलतायत! मी आर्मेनियन माणूस आहे, मला बायकांचं ऐकायची घरापासून सवय आहे, तुम्हीही लावून घ्या." सगळे हसले आणि कामाला लागले. विधवा डोक्यावर समोवार घेऊन मिठावरून चालत जाते, ते दृश्य कोणी घेतलं? समोवारात खरोखर उकळतं पाणी हवं, वाफ दिसली पाहिजे, असा हट्ट कोणी धरला? त्या बिचाऱ्या नटीचं टाळकं भाजू नये म्हणून ओल्या फडक्याच्या चार घड्या कोणी घातल्या? त्या वेळी तू काशानच्या इस्पितळात मुळ्याचा रस पीत होतास.

आणि आता तो दिवस. तो तुला आठवत नसेल. मला त्या दिवशीचं हवामानही आठवतं. फिल्म तयार झाली होती, फक्त श्रेयनामावली राहिली होती. ती लिहून घ्यायला आपण सुलेखनकार उस्ताद साबेत यांच्या घरी गेलो. शेअर टॅक्सीतून उतरताना चालक म्हणाला, "राहू द्या साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचं." तू म्हणालास, "छे, असं कसं?" तो म्हणाला, "तुमचीच गाडी आहे." तू म्हणालास, "माझ्या गळ्याची शपथ, घ्या." तिसऱ्यांदा तर तू खिडकीतून हात घालून नोट त्याच्या खिशात कोंबलीस. मग उस्तादांच्या दारात "आधी तुम्ही," "नाही नाही, आधी तुम्ही," असं इतका वेळ चाललं की आतून त्यांची बायको ओरडली, चहा गार होतोय. ते सगळं मी पाहत होते. म्हणजे तआरोफ कसा पाळायचा, समोरच्याच्या नकोवर तीनदा आग्रह कसा करायचा, हे तुला येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

उस्तादांनी काळा पुठ्ठा मांडीवर घेतला, पांढरी शाई ढवळली, बोरूचं टोक नखावर घासून पाहिलं. "दिग्दर्शन. कोणाचं नाव लिहू?" तू माझ्याकडे वळलास. दातांत साखरेचा खडा धरलेला, हातात चहाचा पेला. "मलीहे, दिग्दर्शनात तुझंही नाव लिहू या ना." आणि मी म्हणाले, जे आपल्या घरातली कुठलीही मुलगी म्हणेल तेच मी म्हणाले, "छे, माझं नाव कशाला? तुझं आहे ना, पुरे की." असं म्हणून मी मान खाली घातली आणि तुझ्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहायला लागले. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा म्हणणार होते, "बरं, तुझा एवढा आग्रहच असेल तर." शब्दसुद्धा ठरले होते, होर्मोज. तू चहाचा घोट घेतलास, खडा चावलास आणि उस्तादांना म्हणालास, "नको म्हणते." बस्स. बोरू शाईत बुडाला. उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, त्या म्हाताऱ्याला कळलं होतं. पण विचारायचा हक्क त्यांचा नव्हता. त्यांनी तुझं नाव लिहिलं, काय सुंदर लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत आपण तिघं चहा पीत बसलो.

तू म्हणशील, तुला तोंड नव्हतं का? होतं. मीही स्वतःला हजार वेळा विचारलंय. पण पहिल्याच विचारण्याला झडप घालणारी मुलगी तू कुठल्या घरात पाहिलीस? पाहुण्याला भात वाढतानासुद्धा आपण पहिलं नको ऐकून पळी मागे घेत नाही. पहिलं नको नुसती रीत असते, ती दोघांनाही ठाऊक असते, आणि म्हणूनच ती पाळता येते. तू टॅक्सीवाल्याला तीनदा विचारलंस. त्या परक्या माणसाला! मला एकदा. आणि नंतर बाहेर पडल्यावर वर मला म्हणालास, "बरं झालं, दोन नावं असली की पडद्यावर गर्दी वाटते." मी मान हलवली. ही माझी दुसरी चूक.

मग परदेशातल्या महोत्सवात बक्षीस. ट्रॉफी धरलेला तुझा फोटो, अंगात मागून आणलेला कोट. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, समोवारचं ते दृश्य कुठून सुचलं? तू म्हणालास, "ती माझ्या आईची आठवण आहे." तुझ्या आईची! तुझी आई अंजलीची, तिने आयुष्यात मीठ पाहिलं ते फक्त माशांवर! ती मुलाखत छापलेलं मासिक मी आणलं आणि माझ्या आईला वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली, "किती गुणी मुलगा आहे, आईला विसरला नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरले. गरज नसताना दोन किलो चिरले.

त्याच वर्षी पानगळीत, अंजलीच्या धक्क्यावर, तू मला आणखी एक गोष्ट विचारलीस. तीही एकदाच. मी काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे, मलाही आहे. ते वाक्य होतं, "माझ्यात असं काय आहे, तुला कितीतरी चांगली मिळेल." ज्याला आपली भाषा येते अशा कोणत्याही माणसाला त्याचा अर्थ कळला असता. तू समुद्राकडे पाहिलंस आणि म्हणालास, थंडी वाढलीये, चल. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. फक्त एक सांगते. तुझी शाहीन वारली त्याच्या आधीच्या वसंतात आम्ही दोघी तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाजी निवडत होतो. ती हसत हसत म्हणाली, "मलीहे, याने मला पाच वेळा मागणी घातली, माहितीये? चार वेळा मी नको म्हटलं, पाचव्यांदा बाबांच्या दुकानातच येऊन बसला, उठेचना!" मी कोथिंबिरीची एक एक काडी निवडत राहिले. पाच वेळा. शाहीनवर मी कधीच रागावले नाही, तिच्यासारखी बाई मला पुन्हा भेटणार नाही. पण तुला विचारता येत होतं. पाच-पाच वेळा विचारता येत होतं. मीच काय ती घरची होते, माझं नको तुला लगेच पटायचं.

तरीही मी तुझ्या चौदा फिल्मा जोडल्या. का, ते विचारू नकोस. क्रांती झाली, थिएटरं जळली, मग उघडली. मग युद्ध आलं आणि नवे नियम आले. पडद्यावर बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणातसुद्धा डोक्याला रुमाल बांधून झोपायला लागली. आघाडीवरून मुलगा चार वर्षांनी घरी येतो आणि आईला मिठी मारता येत नाही, कारण आई झालेली नटी आणि मुलगा झालेला नट खऱ्या आयुष्यात एकमेकांचे कोणी नव्हते! तू डोकं धरून बसलास. ओरडलास. "आई मुलाला हात लावणार नाही, तर काय सलाम ठोकेल?" त्या आठवड्यात तू तीनदा फिल्म सोडून द्यायला निघाला होतास. तेव्हा मी टाकून दिलेले तुकडे चाळत बसले आणि त्यांत मला तो तुकडा सापडला. मुलाचा लष्करी कोट खुंटीला टांगलेला आहे आणि नटी, कॅमेरा बंद झालाय असं समजून, सहज जाता जाता त्याची बाही नीट करते आहे. मी मुलगा दारात दाखवला, आई दाखवली, आणि मग तिचा हात त्या कोटाच्या बाहीवर. थिएटरात बायका हुंदके देत होत्या. समीक्षकाने लिहिलं, 'होर्मोज बाख्तरी यांचा स्पर्श.' मी ते कात्रण जपून ठेवलंय. कधी रागाचा जोर कमी झाला असं वाटलं, की काढून वाचते.

न्याय करायचा तर सगळाच करते. तू निर्माता झालास तेव्हा मात्र तुझ्यासारखा दुसरा नव्हता. स्वतःच्या फिल्मा बाजूला ठेवून पोरासोरांच्या फिल्मा उभ्या केल्यास. कचेरीला दाखवायच्या प्रतीत तू मुद्दाम एक भडक दृश्य घालायचास, त्यांनी ते कापावं आणि बाकीचं सुटावं म्हणून. तू त्याला कसायाचं हाडूक म्हणायचास. आणि त्या वर्षी फजिती झाली, आठवतं? त्यांनी ते हाडूकच मंजूर केलं आणि बाकी सगळं कापलं! तुझा चेहरा पाहून मी जोडणीच्या टेबलावर डोकं ठेवून हसले. "हसतेस काय," तू म्हणालास, "आता या हाडकाची फिल्म करून दे!" आणि मी करून दिली, आणि ती चालली. त्या दिवसांत मी सुखी होते, हे नाकारत नाही.

पण मग समनचं प्रकरण. एकोणतीस वर्षांची पोरगी, पहिली फिल्म, तू निर्माता. फिल्म बाहेर गेली, गाजली, आणि कचेरीने तुला बोलावून घेतलं. तुझ्या त्या वकिलानेच मला सांगितलं काय झालं ते. त्यांनी तुझ्यापुढे कागद ठेवला. लिहून द्या, की या मुलीचं नाव दिग्दर्शक म्हणून चुकून गेलं, फिल्म संस्थेची आहे, तिचं नाव काढतो. मग तुमचं काम चालू राहील. तू म्हणालास, "ज्याने फिल्म केली त्याचं नाव मी खोडत नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तू तिन्ही वेळा नाही म्हणालास. नऊ वर्षं झाली त्याला. नऊ वर्षं तुला काम नाही. मला तुझा इतका अभिमान वाटला, होर्मोज, की मी बाजारात वाटेल त्याला थांबवून सांगत होते. आणि मग घरी येऊन चहा गाळता गाळता एकदम माझ्या लक्षात आलं, आणि गाळणं हातातून पडलं. समनच्या नावासाठी तू स्वतःचं सगळं काम पणाला लावलंस. माझ्या नावासाठी तुझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. मी आठवडाभर तुझा फोन घेतला नाही. मला फ्लू झाला होता असं तुला सांगितलं होतं. फ्लू नव्हता.

आता या पटकथेविषयी. काल संध्याकाळी मी ती वाचायला घेतली, या निश्चयाने की अर्जाबरोबर उद्या सकाळीच परत पाठवायची. चांगली आहे. चांगली आहे, याचाही मला संताप आला. म्हातारा दिग्दर्शक, म्हातारी फिल्म जोडणारी, अर्धं आयुष्य एका तळघरात. मी वाचत गेले. आणि एकेचाळिसाव्या पानावर ते घर आलं. बोरू, काळा पुठ्ठा, पांढरी शाई, दातांत साखरेचा खडा. म्हणजे तुला आठवतं! इतकी वर्षं तुला सगळं आठवत होतं! पण पुढे काय लिहिलंस? तो तिला विचारतो, ती नको म्हणते. तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा नको म्हणते. तो पेला खाली ठेवतो आणि तिसऱ्यांदा विचारतो, ती लाजून हो म्हणते, आणि बोरू दोन नावं लिहितो. खोटारड्या! अठ्ठेचाळीस वर्षांनी कागदावर विचारतोस? त्या कागदावरच्या बाईला? मी पान फाडलं, चुलीपर्यंत नेलं, आणि परत आणलं. ते आता माझ्यासमोर आहे. मी त्यातली दोन विचारणी लाल पेन्सिलीने खोडली आहेत. आपल्या फिल्ममध्ये तो एकदाच विचारेल. तो साखरेचा खडा चावेल आणि म्हणेल, नको म्हणते. मग उस्ताद तिच्याकडे पाहतील, आणि कॅमेरा तिच्यावरून हलणार नाही, शाई वाळेपर्यंत.

'आपल्या' लिहून गेले, ते तसंच राहू दे. हो, मी सही केली आहे. पण तुझ्या अर्जावर नाही, तो फाडून टाकला. आज सकाळी मी स्वतः कचेरीत गेले, कोरा अर्ज आणला आणि माझं नाव माझ्या हाताने लिहिलं. परवाना आला तर दिग्दर्शन मी करणार आहे, खरोखर करणार आहे, नावापुरतं नाही. वार्तानचा मुलगा कॅमेरा करेल. तू यायचं असेल तर ये, चहा मिळेल, माझ्या खुर्चीत बसायचं नाही. आणि आता हे पत्र का लिहिलं ते. शेवटी दिग्दर्शनाची पाटी येईल तिच्यावर, होर्मोज, माझ्या नावाशेजारी तुझं नाव लिहू का? मला ठाऊक आहे, ते लिहिलं तर परवाना रद्द होईल, फिल्म डब्यात पडेल, आणि माझ्या नावाची ही एकुलती एक फिल्म कोणी पाहणार नाही. ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून तू नको म्हणशील. लादनबरोबर तसा निरोप पाठव. मग शुक्रवारी मी फोन करून दुसऱ्यांदा विचारीन, आणि तू पुन्हा नको म्हणशील. मग तुमची लिफ्ट चालू असो वा नसो, हे गुडघे घेऊन तुझे तीन मजले चढून येईन, तुझ्यासमोर बसेन, पेला खाली ठेवीन आणि तिसऱ्यांदा विचारीन. त्या वेळी जे म्हणशील ते मी खरं धरीन. हो म्हणालास तरी लिहीन, मग पडू दे फिल्म डब्यात. पण विचारायचं असं असतं.

तुझीच, आणि हे रीत म्हणून लिहिलेलं नाही,
मलीहे